बंद पंख्यातली ठकठक

१

मी मशीनची कंपनं मोजते. लग्नाकार्यात कुणी विचारलं, तर सांगते की मशीनची डॉक्टर आहे, कुठे दुखतं ते ऐकून सांगते. लोक हसतात आणि विषय संपतो. खरं म्हणजे काम तेवढंच आहे. चुंबकाने चिकटणारा अंगठ्याएवढा सेन्सर मशीनच्या अंगाला लावायचा, त्याची वायर हातातल्या यंत्राला जोडायची आणि पडद्यावर उमटणारे सुळके वाचायचे. तोल गेला असेल तर सुळका एका जागी येतो, बेअरिंग गेलं असेल तर दुसऱ्या, पाया ढिला असेल तर तिसऱ्या. नरखेडजवळ आमची संत्र्याची बाग आहे. तिथे बाबा विहिरीवरच्या मोटारीला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाशी धरायचे आणि म्हणायचे, "बेअरिंग गेलं वं गोपिका." मी तेच करते, फक्त माझं यंत्र महागडं आहे.

गेल्या मे महिन्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका लोखंडाच्या कारखान्यातून बोलावणं आलं. कारखान्याचं नाव सांगत नाही. भट्टीचा धूर ओढून चिमणीत सोडणारा तिथला मोठा पंखा थरथरत होता. पंखा म्हणजे घरातला नव्हे. एका खोलीएवढं गोल लोखंडी खोकं आणि त्यात माणसापेक्षा उंच पात्यांचं चाक. तो बंद पडला की भट्टी थंडावते आणि सगळा कारखाना ठप्प होतो.

कारखान्याचे प्रमुख मनोहरराव स्वतः दारापर्यंत आले. पन्नाशी ओलांडलेले, कडक इस्त्रीचा शर्ट, उजव्या हाताच्या बोटात चांदीची जाड अंगठी. ती अंगठी ते सारखी कशावर तरी वाजवत. जिन्याच्या कठड्यावर, टेबलाच्या कडेवर, बोलता बोलता. टिक, टिक.

"मॅडम, मले लेक्चर नको," ते म्हणाले. "पंखा उद्या दुपारपर्यंत शांत झाला पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

सोबत रोशन नावाचा फिटर दिला. पस्तिशीचा, कमी बोलणारा. पंखा चालू असताना मी मोजमाप घेतलं. दोष सरळ होता. पात्यांवर राख बसून चाकाचा तोल गेला होता. पाती साफ करायची आणि हलक्या बाजूला वजन जोडायचं, एवढंच काम होतं.

पंखा बंद करायला सांगितला. भलंमोठं चाक हळूहळू मंदावलं आणि थांबलं. सेन्सर काढायचा मी कंटाळा केला. बंद मशीनची नोंदही कधीकधी उपयोगी पडते, शेजारच्या मशीनची थरथर किती येते ते कळतं. पडदा जवळजवळ सपाट झाला होता.

मग त्या सपाट रेघेवर एक ठोका उमटला. थोड्या वेळाने दुसरा.

२

पहिल्यांदा माणूस वायर तपासतो. मी वायर बदलली, सेन्सर बदलला, मग त्याची जागा बदलली. ठोके येतच राहिले. शेजारचा पंप बंद करायला लावला, तरी फरक पडला नाही. एखादं तापलेलं लोखंड थंड होताना टकटक करतं, हे मला ठाऊक आहे. पण थंड होणाऱ्या लोखंडाचे ठोके हळूहळू लांबत जातात. हे तसे नव्हते. तीन-चार लागोपाठ, मग थांबणं, मग पुन्हा. ठोकून कानोसा घ्यावा, तसं.

"रोशनभाऊ, आत कोणी गेलं आहे का?"

मी सहज विचारलं. रोशनच्या हातातला पाना खाली पडला.

"काहून विचारून राहिल्या?"

मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. पंख्याच्या चौकटीवरच स्विचची पेटी बसवलेली होती. तो तिच्याकडे गेला, खिशातून स्वतःचं कुलूप काढलं, पेटीच्या कडीत अडकवलं, किल्ली खिशात घातली आणि कुलूप ओढून पाहिलं. मग पुन्हा ओढून पाहिलं. आत माणूस उतरायचा असेल तर ही रीतच आहे. जो आत जातो, त्याचं कुलूप स्विचला लागतं आणि किल्ली त्याच्याजवळ राहते. तो बाहेर आल्याशिवाय पंखा सुरू करताच येत नाही.

आम्ही दोघांनी बोल्ट सोडून झाकण उघडलं. मी बॅटरी मारली. राख, पाती, भिंतीला चिकटलेली काजळी. कोणी नव्हतं. झाकण उघडं असेपर्यंत पडदा अगदी सपाट राहिला. रोशनने झाकण टेकवलं आणि ठोके पुन्हा सुरू झाले.

"गेल्या उन्हाळ्यात इथी नत्थू मेला," रोशन हळू आवाजात म्हणाला. "राख उडू नाही म्हणून झाकण टेकवून आत पाती साफ करून राहिला होता. पंखा सुरू झाला."

"सुरू कसा झाला? कुलूप?"

"लावलंच नव्हतं म्हणे त्यानं. कोणाले न सांगता आत घुसला, असं साहेबांनी लिहून देलं." त्याने ओठ घट्ट मिटले. "मी सुट्टीवर होतो मॅडम. मले नाही माहीत."

तेवढ्यात मागून टिक टिक ऐकू आलं. मनोहरराव कठड्यावर अंगठी वाजवत येत होते.

"काय चालू आहे? झाकण उघडून पाहून राहिले का सिनेमा?"

माझं लक्ष पडद्यावर होतं. ते जसजसे जवळ येत होते, तसतसे ठोके जोरात पडू लागले होते. त्यांच्या चालण्याचा धक्का असेल, असं मी स्वतःला समजावलं. मग ते माझ्या शेजारी येऊन स्तब्ध उभे राहिले, आणि ठोके थांबलेच नाहीत.

३

मी चहाला कँटीनमध्ये गेले. काचेचा ग्लास समोर ठेवणाऱ्या बाईने जायच्याऐवजी खुर्ची ओढली. चाळिशीची असेल. पदर कमरेला खोचलेला, नजर माझ्या यंत्राच्या पेटीवर.

"तुम्ही पंख्याच्या मॅडम न?"

"हो."

"मी सिंधू. नत्थूची बाई." तिने हे नाव सांगावं तसं सांगितलं, रडगाणं नव्हतं. "तो गेला त्याच्यानंतर मले इथी चहावर लावलं. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगतलं, पाहा, कंपनी किती करते म्हणून. त्यांचा चहा रोज मीच नेतो."

मी चहाचा घोट घेतला.

"तुमचं मशीन आतलं ऐकते न?"

"ऐकतं."

"जुनं ऐकते का?"

मी तिला समजावून सांगितलं. लोखंडात आवाज साठून राहत नाही. कंपन येतं आणि विरून जातं. मशीन फक्त आत्ताचं ऐकतं. तिने नीट ऐकून घेतलं आणि मग पोलक्यात हात घालून एक काळा दोरा बाहेर काढला. दोऱ्याला कुलपाची किल्ली होती.

"तो आपली चावी करदोट्याले बांधत होता. दवाखान्यातून मले त्याचे कपडे देले, त्याच्यात हे होती. कुलूप लावलं नव्हतं म्हणतात. मंग चावी अंगावर काहून होती? अन् कुलूप कोठी गेलं?"

"तुम्ही हे सांगितलं कोणाला?"

"सगळ्याइले सांगतलं." तिने किल्ली परत आत ठेवली. "ते म्हणे, चावीचं काय, चावी तं कोणाजवळही राहते."

ती उठली. माझा ग्लास उचलताना खाली वाकून म्हणाली, "मले त्याले फाशी नाई पाह्यजे मॅडम. फाशी एका घडीचं काम हाय."

एवढ्या साध्या आवाजात ती हे बोलली, की अर्थ मला बाहेर उन्हात आल्यावर लागला.

४

ती नोंद मी ऑफिसात नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जाण्याआधी दार लावून घेतलं, यंत्रातली कंपनं आवाजात बदलली आणि हेडफोन लावले. हे आम्ही नेहमी करतो. डोळ्यांना जे दिसत नाही, ते कधीकधी कानाला कळतं.

सुरुवातीला नुसती घरघर होती. मी ती गाळून टाकली. मग एक आवाज वर आला, जो पडद्यावर मला दिसलाच नव्हता. खर्र, खर्र, खर्र. लोखंडावर चालणारी करवत. पुढे, मागे, पुढे, मागे. मध्ये हात बदलावा तेवढी उसंत, आणि त्या उसंतीत एक बारीक, स्वच्छ आवाज. टिक. लोखंडी पेटीवर चांदी लागावी तसा.

मी हेडफोन काढले. खिडकीबाहेर भाजीवाला ओरडत होता. कारखान्यात कुणीतरी काहीतरी कापत असेल, हे पहिलं उत्तर. पण त्या वेळी आजूबाजूला आमच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि करवतीचा आवाज लांबून आला असता तर बोथट झाला असता. हा तर चौकटीतूनच आला होता, स्विचच्या पेटीच्या जागेवरून. माझ्या मनाचे खेळ असतील, हे दुसरं उत्तर. रोशनने आणि सिंधूताईने जे सांगितलं, तेच मी ऐकते आहे. मी खालून रिसेप्शनवरच्या मुलीला बोलावलं, काही न सांगता हेडफोन तिच्या कानाला लावले आणि विचारलं, कसला आवाज आहे?

"कोणी लोखंड कापून राहिलं मॅडम," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "आता कोणी दार वाजवून राहिलं."

मी हेडफोन परत घेतले. तिला जायला सांगितलं आणि पुढचं एकटीने ऐकलं.

करवत चालू असताना आतून ठोके सुरू झाले. ठक ठक ठक. करवत थांबली.

ती का थांबली, हे मला पुन्हा ऐकल्यावर उमगलं. करवत चालवणाऱ्याला ते ठोके ऐकू गेले होते. तो थांबून ऐकत होता. आत माणूस आहे, हे त्याला कळलं होतं. त्या शांततेत आतून पुन्हा ठोके आले, आता धीराचे, सावकाश. बाहेरच्याला आपलं ऐकू गेलं अशी खात्री पटलेल्या माणसाचे.

टिक.

आणि करवत पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर काहीतरी जड खाली पडलं. एक खटका. मोटारीचा गुणगुणणारा आवाज, तो चढत जातो तसे वेडेवाकडे, दोन्ही हातांनी मारलेले ठोके. मग चाकाचा तोल एकदम गेला, आणि काही फेऱ्यांनी परत आला. मोटार सुरळीत चालू लागली. नोंद तिथेच संपत होती.

मी जे मोजलं होतं त्यात मोटार बंद होती. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं, त्याचा हिशेब नाही.

५

काम पुरं करायचं होतं. रोशनने पाती घासून ठेवली होती. त्याने वजन जोडलं, झाकण लावलं. पंखा सुरू करण्याआधी मनोहरराव आले.

"झालं का?"

"एकदा इथे हात ठेवून पाहता?" मी म्हणाले. "लोखंड गरम वाटतं का सांगा."

हे खोटं होतं. मला पडदा पाहायचा होता. त्यांनी तळवा पंख्याच्या खोक्यावर टेकवला आणि रेघ वेडी झाली. त्या तळव्याच्या बरोबर पलीकडून कुणीतरी जिवाच्या आकांताने ठोकत होतं. त्यांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"लय गरम आहे," ते म्हणाले.

पंखा आदल्या दिवसापासून बंद होता. लोखंड थंडगार होतं.

पंखा सुरू झाला तेव्हा इतका शांत चालला, की रोशननेही मान डोलावली. माझं काम संपलं होतं. निघून जाता आलं असतं. पण मी त्यांच्या केबिनमध्ये गेले, लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या पंख्याचा आवाज ऐका." ही नोंद कुठल्या ठाण्यात, कुठल्या कोर्टात चालली नसती. बंद पंख्यातून आलेला आवाज! मला त्यांचा चेहरा पाहायचा होता, बस.

त्यांनी कौतुकाने हेडफोन चढवले. टेबलावर अंगठी वाजत होती. मग वाजायची थांबली. ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, पण टेबलावरचा उजवा हात हलत होता. मूठ वळलेली, पुढे, मागे, पुढे, मागे. ते करवत चालवत होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मग हात थांबला. किती वेळ थांबला! मी श्वास धरून बसले होते. मला वेड्यासारखं वाटत होतं, की आता या वेळी तो हात परत हलणार नाही.

तो हलला.

शेवटी त्यांनी हेडफोन काढले. "हे कोणी देलं तुमाले?"

"काल दुपारी मी घेतलं. पंखा बंद होता तेव्हा."

ते उठले, माझ्यासमोरचा लॅपटॉप ओढला आणि नोंद स्वतः पुसून टाकली. मग एका बोटाने कान चोळत म्हणाले, "निघा तुम्ही."

ऑफिसात एक प्रत होती. मी गेल्या गेल्या ती लावली. ती तेवढीच लांब होती आणि तिच्यात काही नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट रेघ. संध्याकाळी रोशनचा फोन आला. माझं पाहून त्यानेही, पाळी बदलताना पंखा घडीभर थांबवला तेव्हा, लोखंडाला पाना टेकवून कान लावला होता.

"काहीच नाही मॅडम. खाली झाला पंखा. असं वाटते, जे होतं ते निघून गेलं."

"कुठे?"

रोशन म्हणाला, "साहेब आज लवकर घरी गेले. जाताना सारखे मांगं पाहून राहिले होते."

६

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते आगीचे नऊ दिवस, सुरू झाला होता. नागपुरात त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. मनोहररावांच्या मिसेसचा फोन आला. "तुम्ही ते आवाजाचं मशीन घेऊन येता का हो? हे तुमचंच नाव घेऊन राहिले. घरात कुठंतरी ठोकते म्हणतात. आम्हाला कोणाला काही ऐकू येत नाही."

धरमपेठेतला मोठा फ्लॅट. दार उघडताच भट्टीसारखी हवा अंगावर आली. दिवाणखान्यातल्या पंख्याची पाती काढून ठेवलेली. खिडकीतला कूलर बंद, त्याच्या जाळीवर चादर बांधलेली.

"कोणताच पंखा चालू देत नाहीत," काकू पदराने घाम पुसत म्हणाल्या. "कूलर लावला की ओरडतात, बंद करा, तो आत आहे. कोण आहे विचारलं तर सांगत नाहीत. सगळे रिपोर्ट काढले. सगळे नॉर्मल."

मनोहरराव आतल्या खोलीत फरशीवर बसले होते. भिंतीच्या टाइल्स जागोजागी उखडलेल्या. त्यांची दाढी वाढली होती. अंगठी बोटात नव्हती. बोटावर पांढरा पट्टा होता.

"आणलं का मशीन? लावा."

मी भिंतींना सेन्सर लावला. फरशीला, पाण्याच्या पाइपला, लोखंडी खिडकीला. रेघ सपाट होती. तसं सांगितलं. त्यांनी बायकोला पाणी आणायला पाठवलं आणि ती जाताच शर्टाची बटणं सोडली.

"इथी."

सेन्सर माणसाच्या अंगाला चिकटत नाही. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि गळ्याखालच्या हाडावर अंगठ्याने दाबून धरला. मी हेडफोन लावले.

हृदय जोरात पळत होतं. त्यामागे श्वास. इथवर मी निश्चिंत होते. मग ठोका पडला, आणि त्या ठोक्यामागे पोकळी होती. जागेचा आकार आवाजात ऐकू येतो. हे माझं रोजचं काम आहे. तो ठोका एका मोठ्या, गोल, लोखंडी खोलीत घुमत होता. माणसाच्या छातीत तेवढी जागा नसते.

मी नजर वर केली. त्यांच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, कातडी आतून वर आली. एका ओळीत चार उंचवटे. मूठ वळली की बोटांची हाडं दिसतात, तसे. ठोक्याबरोबर वर आले आणि मागे गेले. पुन्हा वर आले. मग ठोकणं थांबलं, आणि बोटं उघडून आतून तळवा टेकल्यासारखी ती कातडी सावकाश पसरली.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"आला न आवाज?" ते कुजबुजले. डोळ्यांत पाणी होतं. "आला न? घरचे मले येड्यात काढून राहिले. तुम्ही सांगा त्यांना."

"तो कोण आहे, तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी नजर खाली वळवली. "त्यानं ठोकलं होतं. मले ऐकू आलं होतं. भट्टी थंडी होऊन राहिली होती, वरून फोनावर फोन. आवाज देऊन त्याले बाहेर बोलावलं असतं, पंखा ठेवला असता अजून घडीभर बंद... मले वाटलं... नाही. काहीच वाटलं नाही. मी कापलं कुलूप."

"हेच ठाण्यात येऊन सांगा. मी सोबत येते. आत्ता."

क्षणभर ते उठतील असं वाटलं. खरंच वाटलं. एक हात जमिनीवर टेकलाही होता. मग त्यांनी शर्टाचं बटण लावायला घेतलं, एकेक करून, वरपासून.

"पागल समजता का मले? त्याच्या बाईले नोकरी देली मी. तो विषय संपला. तुमाले मशीनचा दोष काढता येते, तर हे काढा. अन् हिले सांगा, आवाज खरा आहे म्हणून. तेवढं सांगा, बस. मले झोप येईन."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या. "काय निघालं हो?"

मी वायर गुंडाळली. सेन्सर मनोहररावांच्या हातातून घेतला. तो त्यांच्या घामाने निसटता झाला होता.

"काही नाही काकू," मी म्हणाले. "कसलाही आवाज नाही. सगळं नॉर्मल आहे."

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. शर्टाच्या आत काहीतरी हललं. काकूंचं लक्ष माझ्याकडे होतं.

"आणि एवढ्या उकाड्यात असं ठेवू नका त्यांना," मी चपला घालताना म्हणाले. "आजारी पडतील. कूलर लावत जा."

७

सिंधूताईच्या घरी मी रविवारी सकाळी गेले. एका खोलीचं घर. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्याखाली नत्थूचा फोटो. हसताना डोळे बारीक होणारा माणूस. मी पाहिलं-ऐकलं ते सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. करवत थांबून परत सुरू झाली, हे सांगितलं तेव्हा तिची बोटं थांबली, आणि मग तिने ताट बाजूला सरकवलं.

"मरन का तो?"

"डॉक्टर म्हणतात, तब्येत चांगली आहे."

"चांगली हाय न." तिने फोटोकडे पाहिलं. "धरमपेठेत कोठी राहते तो?"

मी पत्ता सांगितला. काहून पाहिजे, हे विचारलं नाही.

पावसाळा लागला, तरी उकाडा हटला नव्हता. एका दुपारी काकूंचा फोन आला. आवाज बराच हलका झाला होता. तुमचे आभार मानायचे होते, म्हणाल्या. आता घर ताळ्यावर आलं आहे. हे बोलत नाहीत, पण ओरडणंही थांबलं.

"एक बाई मिळाली हो कामाला. स्वतःच विचारत आली दारावर. आधी कुठल्याशा कँटीनमध्ये होती म्हणते. फार मायाळू. दुपारभर यांच्याजवळ बसते, मग मी जरा पडते. पहिल्या दिवशी यांनी हातपाय झाडले, हिला काढा, हिला काढा म्हणून. पण ते तर सगळ्यांनाच काढा म्हणतात. आता ती खोलीत गेली की एकदम गप्प होतात."

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"सिंधू. थांबा, बोलायचं आहे का? आत्ताच आत गेली आहे."

फोनमधून दार लागल्याचा आवाज आला. बाहेरून कडी लागावी तसा नव्हता. कुणीतरी आत जाऊन ती जपून लावून घेतली होती. मग एक बटण दाबल्याचा खटका, मोटारीची गुणगुण, आणि चढत चाललेला कूलरचा आवाज.

"पाहा," काकू समाधानाने म्हणाल्या. "आम्हाला कधी हात लावू देत नव्हते. तिनं लावलेला चालतो."

मी कानाला फोन घट्ट धरला. सवयच आहे ती. कूलरच्या घरघरीखाली, बंद दाराच्या पलीकडून, एक बाई अगदी शांतपणे कुणाशी तरी बोलत होती. शब्द कळत नव्हते. ती थोडं बोलायची, मग थांबायची. आणि ती थांबली की कुणीतरी तिला ठोकून उत्तर देत होतं.

"ऐकू येते का हो तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.